दोघी गप्प बसल्या की

मी काय काम करते हे आईने आजवर कोणालाही धड सांगितलेलं नाही. "कम्प्युटरच्या पोटातलं काहीतरी बघते," असं ती शेजारणीला सांगते आणि विषय बदलते. खरं म्हणजे वर्णन अगदीच वाईट नाही. पडद्यावर जे दिसतं त्याच्या खाली, पार तळाशी, कर्नल नावाचा एक भाग असतो. वरचे सगळे प्रोग्राम त्याच्यापुढे हात पसरतात: मला जागा दे, मला आवाज दे, मला नेटवर्क दे. माइक, स्पीकर, प्रिंटर अशा प्रत्येक वस्तूशी बोलायला त्याच्या हाताखाली एकेक दुभाष्या असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. वरचा एखादा प्रोग्राम कोसळला तर तेवढाच कोसळतो. ड्रायव्हरने मात्र नको तिथे हात घातला की कर्नल सगळं कामकाजच थांबवतो आणि आख्खं मशीन गार पडतं. अशा वेळी लोक मला बोलावतात. माझ्या नाकावर कायम राग असतो अशी माझी ख्याती आहे. पण दिवसभर दुसऱ्यांच्या ड्रायव्हरांचे पंचनामे करणाऱ्या बाईने हसतमुख कसं राहायचं, हे अजून मला कोणी शिकवलेलं नाही.

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या ड्रायव्हरची आहे, आणि आईच्या गाण्याची.

आई आणि मावशी लहानपणापासून एकत्र गायच्या. मोठ्या गायिका वगैरे मुळीच नव्हेत. वाचनालयाच्या हॉलमध्ये, कोणाच्या लग्नात, एकदा तर हॉस्पिटलच्या वॉर्डात, जिथे कोणी बसा म्हणेल तिथे बसून गायच्या. आईचा आवाज खालचा, मावशीचा वरचा. एकीने ओळ उचलायची, दुसरीने ती अर्ध्यातून आपल्याकडे घ्यायची, आणि शेवट दोघींनी मिळून करायचा. लग्नानंतरही दोघी दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहिल्या, त्यामुळे यात कधी खंड पडला नाही. मग मावशीचा गुडघा बिघडला आणि माझा मावसभाऊ तिला आपल्याकडे, दूरच्या गावी घेऊन गेला. त्याचं तिथे चष्म्यांचं दुकान आहे.

त्यानंतर आई गायची थांबली. तसं जाहीर वगैरे काही केलं नाही तिने. भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना ती गुणगुणायची, ते बंद झालं, आणि माझ्या ते फार उशिरा लक्षात आलं. मी विचारलं तर म्हणाली, "एकटीने काय गायचं? मला सगळं अर्धंच येतं." बोलता बोलता ती घड्या घालत होती आणि तिचा चेहरा अगदी नेहमीसारखा होता. 

अशात वाचनालयाच्या बाई घरी आल्या. हॉलची दुरुस्ती झाली होती, रविवारी सकाळी तो पुन्हा उघडायचा होता, आणि सुरुवात दोघी बहिणींच्या गाण्याने व्हावी अशी सगळ्यांची इच्छा होती. आईने सरळ सांगितलं, "धाकटीला प्रवास झेपणार नाही. आणि ती नाही तर मी तोंड उघडणार नाही."

"मावशी येईल," मी म्हणाले. "म्हणजे तिचा आवाज येईल. मी आणते."

रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलून जातं, तसं हे होतं. राग कोणावर होता ते मला विचारू नका. मला आईचं गाणं परत हवं होतं, बाकी हॉल आणि रविवार हे सगळं निमित्त.

फोनवरच्या व्हिडिओ कॉलने हे जमत नाही, ते दोघी बहिणींनी आधीच करून पाहिलं होतं. तिकडचा सूर इकडे यायला जो जरासा वेळ लागतो, तो गप्पांमध्ये कळत नाही, पण गाण्यात सगळा विचका करतो. "तू मागे पडतेस," असं आई म्हणायची. "मी कुठली मागे पडते? तूच पळतेस," असं मावशी म्हणायची. आणि दोघींचं खरं होतं.

म्हणून मी हाताच्या पंजाएवढ्या दोन पेट्या बनवल्या, एक आपल्याकडे, एक मावशीकडे. आत छोटा कम्प्युटर, आवाजाचं कार्ड, आणि त्या कार्डासाठी मी स्वतः लिहिलेला ड्रायव्हर. ड्रायव्हर ऑफिसात दिवसभर चालवून पाहिला होता, एकसारखा एकच सूर लावून, म्हणजे मध्ये जरा कुठे तुटलं तरी लगेच कानाला कळावं. एकदाही तुटलं नाही. वर मी हौसेने त्यात एक सोयही घातली होती: आवाज नसेल तर कार्डाने झोपावं, उगाच तापू नये. त्याचा मला फार अभिमान होता.

मग प्रोटोकॉल, म्हणजे दोन मशीनांनी आपसात कसं बोलायचं याचे नियम. एक प्रोटोकॉल फार सरळमार्गी असतो. पाठवलेलं पोचलं का हे तो प्रत्येक वेळी विचारतो, वाटेत काही हरवलं तर ते पुन्हा मागवतो, आणि ते येईपर्यंत मागच्या सगळ्यांना रांगेत उभं करतो. बँकेच्या कामाला उत्तम, गाण्याला घातक. दुसरा बेफिकीर असतो. गेलं ते गेलं, पुढे चला, असा त्याचा खाक्या. मी दुसरा घेतला, आवाजाचे अगदी बारीक तुकडे करून पाठवायचं ठरवलं, आणि दोन्ही घरांच्या राउटरना बजावायचं ठरवलं की घरातले सिनेमे आणि गेम मागे ठेवा, आधी गाणं जाऊ द्या.

आपल्या घरचा राउटर झाला. मावशीकडचा राउटर कपाटामागे होता आणि कपाटापुढे माझा मावसभाऊ होता.

"दादा, त्याच्यावर पासवर्डची एक चिठ्ठी चिकटवलेली असेल, तेवढी वाच," मी फोनवर म्हणाले.

"फार बारीक छापलंय गं."

"दादा, तुझं चष्म्यांचं दुकान आहे."

"म्हणून काय झालं? चष्मा दुकानात राहिलाय."

मागून मावशीचा आवाज आला, "मिरची, चिडू नकोस त्याच्यावर. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावतो, घरी आल्यावर त्याला वाचवत नाही." मिरची म्हणजे मी. शेवटी दादाने मावशीचाच चष्मा लावून ती चिठ्ठी वाचली आणि काम झालं.

पहिल्यांदा जोडणी केली तो क्षण मी विसरणार नाही. आईने हेडफोन चढवले ("ही कानाची झाकणं मला घट्ट होतायत"), आणि लगेच दचकून मागे वळून पाहिलं.

"ताई!" मावशी तिकडून ओरडली. "अगं, तू माझ्या कानातच बसलीयस!"

"ओरडू नकोस. ऐकू येतंय मला."

"मग घे की."

आईने ओळ घेतली. अर्ध्यावर मावशीने ती अलगद काढून घेतली, जशी नेहमी घ्यायची तशी, आणि शेवट दोघींनी मिळून केला. मागे पडणं नाही, पळणं नाही. मी उगाचच केबल तपासायला टेबलाखाली वाकले, कारण डोळे भरून आले होते आणि माझ्या ख्यातीला ते शोभत नव्हतं.

"आता दुसरं," आई म्हणाली. "तू घे."

"छे, तू मोठी. तू घे."

"अगं घे ना."

मग थोडा वेळ दोघी एकमेकींचा मान ठेवून वाट बघत बसल्या. अखेर आईने श्वास घेतला, पहिला सूर लावला, आणि पेटीवरचा हिरवा दिवा विझला. तिकडे मावशीच्या पेटीवरचाही विझला. त्याच क्षणी.

या "त्याच क्षणी"ने माझा घात केला. दोन गावांतली दोन मशीनं एकदम मरतात म्हणजे दोघांत सामायिक काय? वाट. म्हणजे वाटेवरून काहीतरी विचित्र येतंय आणि दोघांनाही ते पचत नाहीये. मरताना कर्नलने लिहून ठेवलेल्या टिपणात माझ्या ड्रायव्हरकडे बोट दाखवलेलं होतं: याने परत केलेल्या जागेत हात घातला. पण मी म्हटलं, वाटेने वाकडं काही आलं असेल तर तो बिचारा काय करील? माझं कार्टं गुणी, शेजाऱ्याचं वाईट! मी प्रोटोकॉलची पार उलटतपासणी केली. तुकडे मोठे केले, लहान केले, दोन्हीकडच्या राउटरना नव्याने समज दिली. प्रत्येक बदलानंतर दोघींना सांगायचे, "आता बोलत राहा." ही आज्ञा त्यांना फारच आवडायची. गुडघा, व्यायाम शिकवायला येणारी मुलगी, कोणाची सून, कोणाचं घर, सगळं व्हायचं, आणि पेट्या मजेत चालायच्या.

मग मला बारकाईने काही बघायचं असायचं आणि मी खेकसायचे, "गप्प बसा दोघी! बघू दे मला जरा!"

दोघी गप्प. मी बघायचे. सगळं उत्तम. तेवढ्यात आई हळूच विचारायची, "झालं का गं?" आणि दिवे विझायचे.

"आई! तोंड उघडलंस आणि गेलं!"

"म्हणजे आता स्वतःच्या घरात बोलायचीही चोरी," आई म्हणायची.

शनिवार उजाडला तरी हेच चाललं होतं. दुपारी दोघी बहिणींचीच जुंपली. मावशी म्हणाली, ताईचा आवाज पहिल्यापासून दणदणीत, त्यानेच मशीन फुटत असणार. आई म्हणाली, गुडघ्याचं निमित्त करून गाव सोडून गेलेल्यांनी आवाजाबद्दल बोलू नये. त्यावर तिकडून एकदम अबोला. इकडूनही अबोला. मी कपाळाला हात लावून बसले. शेवटी आई माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस, बोलत नाहीये ती," आणि दिवे विझले.

मी टेबलावर मूठ आपटली. आईने हेडफोन काढले, वायर व्यवस्थित गुंडाळली आणि म्हणाली, "राहू दे आता. वाचनालयाच्या बाईंना मी नाही म्हणून कळवते." चिडून म्हणाली असती तर मला चाललं असतं. ती फार समजूतदारपणे म्हणाली, आणि फोनकडे गेली.

माझा नवरा दातांचा डॉक्टर आहे. शनिवारी दवाखाना दुपारीच बंद होतो, म्हणून तो दारात उभा राहून हा तमाशा बघत होता.

"एक सांगू? चिडणार नसशील तर," तो म्हणाला.

"चिडणार."

"तरी सांगतो. तू ओरडलीस की ते मरतं."

मी चिडले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो शांतपणे उभा राहिला आणि माझा दम संपल्यावर म्हणाला, "तुझ्या ओरडण्याने मरत नाही गं. तू ओरडतेस, मग त्या दोघी गप्प बसतात, मग मरतं. आत्ता तू ओरडली नाहीस, त्या आपणहून गप्प बसल्या. तरी मेलं. माझ्याकडे दिवसभर लोक तोंड उघडून बसतात आणि बोलत कोणीच नाही. कोण कधीपासून गप्प आहे हे माझ्या बरोबर लक्षात राहतं."

मी खुर्ची ओढली आणि माझा ड्रायव्हर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

कार्ड झोपत होतं! इकडे आई बोलत असेल किंवा तिकडून मावशीचा आवाज येत असेल, तर कार्ड जागं. दोन्ही थांबलं की माझा हौशी ड्रायव्हर त्याला झोपवायचा आणि त्याची जागा परत करून टाकायचा. पण जाताना तो आवाजाचे तुकडे वेळच्या वेळी पोचवणारं आपलं एक घड्याळ बंद करायला विसरत होता. पुढचा आवाज आला रे आला, की ते घड्याळ जुन्याच पत्त्यावर सामान टाकायला धावायचं, आणि त्या पत्त्यावर आता दुसराच कोणी राहत असायचा. आणि दोघी गप्प झाल्या की दोन्ही गावांतली कार्डं एकदमच झोपणार, पहिल्या शब्दाला दोन्ही मशीनं एकदमच मरणार. वाट बिचारी निर्दोष होती. मी तपासलं होतं एकसारख्या सुरावर. गाणाऱ्या बायका मध्ये थांबतात, हे गाणाऱ्या बाईच्या पोरीला सुचलं नव्हतं. आणि आमच्या घरात या दोघी एकाच वेळी गप्प, हे व्हायला तरी एकमेकींचा मान, नाहीतर अबोला, नाहीतर मीच लागत होते.

"आई, फोन ठेव!" मी ओरडले. "ठेव आधी तो फोन!"

"लागतच नव्हता," आई म्हणाली.

आता खात्री करून घ्यायची होती. पेट्या पुन्हा सुरू केल्या, दोघींना बसवलं आणि सांगितलं, "काही करायचं नाही. फक्त गप्प बसायचं."

"किती वेळ?" मावशीने विचारलं.

"मावशी!"

"नाही म्हणजे, माझी गोळी घ्यायची वेळ होतेय."

पुन्हा सुरुवात. थोडा वेळ बरा गेला, मग आईला हसू आलं. तिचं ऐकून तिकडे मावशी खुसखुसायला लागली. पुन्हा सुरुवात. मग मावशी म्हणाली, "मी गप्पच आहे हं," आणि तिचा मुलगा मागून म्हणाला, "आई, तू बोललीस." घटकाभरापूर्वी भांडलेल्या दोघी शाळेच्या बाकावर बसवल्यासारख्या फुटत होत्या. इतके दिवस मी ज्यांच्यावर गप्प बसा म्हणून खेकसत होते, त्यांना आता विनवण्या करून गप्प बसता येत नव्हतं. शेवटी नवऱ्याने आईपुढे बोट ओठांवर धरलं, दादाने तिकडे मावशीपुढे धरलं असावं, आणि खरीखुरी शांतता झाली. मी खूण केली. आईने नुसतं "हं" म्हटलं.

दिवे विझले.

"मेलं!" मी टाळ्या पिटत उठले. "मेलं, मेलं!" मी आईचे गाल ओढले. नवऱ्याला मिठी मारली.

"हिचं डोकं फिरलंय," आई जावयाला म्हणाली.

दुरुस्ती चार ओळींची निघाली. झोपवण्याआधी घड्याळ थांबवायचं, ते खरंच थांबलंय याची वाट बघायची, मगच जागा परत करायची. त्यानंतर दोघी कितीही रुसल्या, कितीही मान ठेवला, तरी दिवा हिरवाच राहिला. आईची तेवढी एक तक्रार उरली, "जरा थांबून घेतलं की धाकटीचं पहिलं अक्षर खाल्लं जातंय." बरोबर होतं तिचं. झोपेतून उठायला कार्डालाही क्षण लागतोच. मी म्हटलं, तापू दे मेलं, आणि ती झोपेची सोयच या दोन पेट्यांतून काढून टाकली. अभिमान गेला, पण जीव भांड्यात पडला.

रविवारी सकाळी हॉल भरला होता. नव्या रंगाचा वास येत होता. लोक उभेसुद्धा होते. व्यासपीठावर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर आई बसली आणि दुसरीवर स्पीकर ठेवला होता. वाचनालयाच्या बाईंनी स्पीकरलाही "या, बसा" म्हटलं, त्यावर मावशी आतून म्हणाली, "बसलेय केव्हाची," आणि सगळा हॉल हसला. मी पेटीपाशी जमिनीवर बसले होते. डोळे हिरव्या दिव्यावर होते.

त्या गायल्या. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. आई मान किंचित डावीकडे, त्या खुर्चीकडे कलती करून गात होती, जशी मी तिला जन्मापासून बघत आले होते. तिचं अर्धं तिला परत मिळालं होतं आणि हे सगळ्यांना दिसत होतं.

तिसऱ्या गाण्यात, मावशीने ओळ घ्यायच्या जागी, मावशी आलीच नाही.

आई थांबली. हॉल थांबला. मी दिव्याकडे पाहिलं. हिरवा. आकड्यांकडे पाहिलं. सगळं सुरळीत, वाट मोकळी, तुकडे येतायत, सगळे शांततेचे. मावशी ओळ विसरली का? तिला बरं नाही का? मी उठायला लागले तर आईने माझ्याकडे न बघता हाताने खाली बस म्हणून खुणावलं. एरवी अशा वेळी आई लगेच शब्द पुरवते, ही तिची जुनी खोड आहे आणि मावशीशी त्यावरून तिचं कैक वेळा वाजलंय. त्या दिवशी तिने शब्द पुरवला नाही. ती नुसती खुर्चीकडे बघत बसून राहिली.

मग स्पीकरमधून मावशीचा आवाज आला, अगदी हळू, लोक ऐकतायत हे विसरून गेल्यासारखा.

"ताई, तुझा श्वास ऐकू येतोय गं."

आईच्या गालांवरून सरळ पाणी ओघळलं. तिने ते पुसलं नाही. "मग?" ती म्हणाली. "गाताना पूर्वी येत नव्हता का?"

"यायचा. इथे आल्यापासून झोपताना मी तोच आठवायचे."

 आईने मोठा श्वास घेतला, मुद्दाम ऐकू जावा असा, आणि तिकडूनही तसाच एक आला. मग त्या दोघी एकदम गायला लागल्या. आधी कोणी सुरुवात केली ते माझ्या पेटीत नोंदलं गेलं असणार. मी ते बघितलं नाही. मी ऐकत होते.